माशापायी विजेवर पाणी!

धरणातून पाणी सोडतात कधी? पिकं करपायला लागली की, शहराचे नळ कोरडे पडले की, नाहीतर पुराची भीती असली की. अमेरिकेत कोलोराडो नदीवरच्या ग्लेन कॅनियन धरणातून मात्र २०२४च्या उन्हाळ्यात पाणी सोडलं गेलं ते चक्क एका माशासाठी. तेही वीजनिर्मितीला वळसा घालून, म्हणजे अक्षरशः विजेवर पाणी सोडून!

हा भाग्यवान मासा म्हणजे हंपबॅक चब. डोक्यामागे बैलाच्या वशिंडासारखा उंचवटा, लांबी फार तर दीड फूट, आयुष्य तीस वर्षांहून अधिक. कोलोराडोच्या खोऱ्याबाहेर तो जगात कुठेच सापडत नाही. गढूळ, खळाळतं आणि उन्हाळ्यात कोमट होणारं पाणी हे त्याचं घर.

१९६३मध्ये ग्लेन कॅनियन धरणात पाणी अडलं आणि हे घर बदललं. धरणाची उंची २१६ मीटर, म्हणजे आपल्या कोयनेच्या दुपटीहून जास्त. त्यामागे पसरलेल्या लेक पॉवेल जलाशयात खोलवरचं पाणी कायम गार. जनित्रांतून तेच नदीत येऊ लागलं. एवढ्या थंडीत चबची वीण होईना. धरणाच्या खाली सुमारे सव्वाशे किलोमीटरवर लिटल कोलोराडो ही कोमट पाण्याची उपनदी मिळते. चबनं तिचा आसरा घेतला. १९६७मध्ये त्याचं नाव नामशेष होऊ घातलेल्या जीवांच्या सरकारी यादीत गेलं. पुढे अनेक वर्षांच्या निगराणीनंतर २०२१मध्ये त्याला थोड्या कमी धोक्याच्या गटात आणलं गेलं.

पण सुटकेचा निःश्वास टाकावा तोच दुसरं संकट उभं राहिलं. वर्षानुवर्षांच्या दुष्काळानं लेक पॉवेल आटत गेला. पातळी खाली आली तशी वरच्या थरातलं उबदार पाणी जनित्रांच्या तोंडापर्यंत पोहोचलं. त्या थरात राहतो स्मॉलमाऊथ बास. गळ टाकून मासेमारी करणाऱ्या हौशी मंडळींसाठी हा परका मासा १९८०च्या दशकात जलाशयात सोडला होता. तो आता जनित्रांतून वाहत खाली येऊ लागला. २०२२च्या उन्हाळ्यात धरणाखाली त्याची पिल्लं सापडली, तेव्हा शास्त्रज्ञांच्या तोंडचं पाणी पळालं. कारण बास इतर माशांची पिल्लं फस्त करतो. याच खोऱ्यातल्या याम्पा नदीत बास माजल्यावर स्थानिक माशांची काय दशा झाली, हे त्यांनी पाहिलं होतं.

उपाय सापडला तो थंडीतच! साधारण १६ अंश सेल्सिअसखालच्या पाण्यात बासची वीण होत नाही. धरणात जनित्रांच्या तोंडाहून सुमारे ३० मीटर खाली चार मोठे पोलादी नळ आहेत. त्यांतून तळाचं गार पाणी काढून जनित्रांतून आलेल्या पाण्यात मिसळायचं आणि लिटल कोलोराडोच्या संगमापर्यंत नदी १५.५ अंशांच्या आत ठेवायची, असं ठरलं. जुलै २०२४मध्ये प्रयोग सुरू झाला. ज्या थंडीनं एकेकाळी चबचा संसार मोडला, तीच आता त्याची राखणदार झाली.

मात्र नळांतून गेलेलं पाणी जनित्रं फिरवत नाही. बुडालेली वीज बाहेरून विकत घ्यावी लागली. त्याचा भुर्दंड कोट्यवधी डॉलरचा. ही स्वस्त वीज घेणाऱ्यांत छोट्या गावांच्या सहकारी वीजसंस्था आणि आदिवासी जमातीही आहेत. माशासाठी आमच्या बिलात वाढ का, हा त्यांचा सवाल उडवून लावण्यासारखा नाही.

२०२५मध्ये हे गार पाणी सोडलं गेलं नाही. पर्यावरणवादी नाराज झाले. त्याआधी धरणाखाली पाचेक किलोमीटरवरची एक डबकेवजा खाडी, जिथे बासची पिल्लं सापडली होती, ती खोदून मोकळी करण्यात आली. तिच्यातून आता नदीचं थंड पाणी वाहतं.

तरीही दुखण्याचं मूळ जलाशयाच्या घटत्या पातळीतच आहे. कोलोराडोच्या पाण्यावर सुमारे चार कोटी माणसं अवलंबून आहेत आणि कुणाच्या वाट्याचं पाणी किती कापायचं, यावरून सात राज्यांची रस्सीखेच चालते. तळी भरली, तर उबदार थर वरच राहील आणि बासही. चबचं भवितव्य त्या वाटणीवरच ठरणार आहे, जिच्या बैठकीत त्याला जागा नाही!