चूक कार्यालयाची, वसुली विद्यार्थ्याची

प्रतिनिधी

शिष्यवृत्तीची रक्कम खात्यात जमा झाल्याचा संदेश येतो, तेव्हा त्या रकमेचे वाटप बहुधा आधीच झालेले असते. खोलीभाड्याची थकबाकी, खानावळीचे देणे, मित्राकडून घेतलेली उसनवारी यांत ती काही दिवसांतच विरून जाते. त्यानंतर काही महिन्यांनी, कधी एखाद्या वर्षाने, महाविद्यालयाच्या कार्यालयातून निरोप येतो की आपणांस देय रकमेपेक्षा जास्त पैसे मिळाले आहेत; ते शासनाकडे भरावेत. शासकीय भाषेत यास 'अतिप्रदान' म्हणतात. शब्द निरुपद्रवी वाटतो, पण ज्या घरात शिष्यवृत्तीवाचून शिक्षणच शक्य नव्हते, त्या घरात तो अचानक उभ्या राहिलेल्या कर्जासारखा येऊन आदळतो.

सरकारी पैसा म्हणजे जनतेचा पैसा. चुकून जास्त दिला गेलेला पैसा परत मागण्याचा शासनाचा अधिकार कोणी नाकारणार नाही. प्रश्न आहे तो चूक कोणाची आणि तिचा भार कोणी सोसायचा, हा.

अतिप्रदान होते कसे?

अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचे उदाहरण घेऊ. केंद्राने २०२१ मध्ये काढलेल्या सुधारित मार्गदर्शक सूचनांनुसार पहिल्या गटातील, म्हणजे व्यावसायिक पदवी व पदव्युत्तर अभ्यासक्रमांच्या वसतिगृहवासी विद्यार्थ्यास वर्षाला १३ हजार ५०० रुपये शैक्षणिक भत्ता मिळतो. घरून ये-जा करणाऱ्यास तो ७ हजार रुपये आहे. अर्जातील एका रकान्यात चुकीची नोंद झाली, की साडेसहा हजारांचा फरक पडतो. चार वर्षांच्या अभियांत्रिकी अभ्यासक्रमात तीच नोंद पुढे चालत राहिली, तर हा आकडा २६ हजारांवर जातो.

दुसरी वाट दोन योजनांच्या लाभाची. राज्याचे 'महाडीबीटी' संकेतस्थळ वेगळे, केंद्राचे राष्ट्रीय शिष्यवृत्ती संकेतस्थळ वेगळे. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती घेणाऱ्यास दुसरी शिष्यवृत्ती घेता येत नाही. दोन्ही मंजूर झाल्यास एकीची निवड करावी लागते. ही अट ठाऊक नसलेला विद्यार्थी दोन्हीकडे अर्ज करतो. तिसरी वाट सर्वांत क्लेशकारक आहे. वर्षाच्या मध्येच शिक्षण सोडल्यास शिष्यवृत्ती परत करण्याची जबाबदारी विद्यार्थ्यावर येते, असे योजनेच्याच अटींत म्हटले आहे. ती वसूल करायची की नाही, हे राज्य शासनाच्या मर्जीवर ठेवले आहे. वडिलांचे आजारपण किंवा घरची ओढाताण यांमुळे शिक्षण सुटलेल्या मुलाकडून वसुली करायची, तर ती कोठून होणार?

येथे एक गोष्ट विसरता कामा नये. विद्यार्थ्याचा अर्ज थेट कोषागारात जात नाही. आधी महाविद्यालय तो तपासते, मग जिल्हास्तरीय कार्यालय. दोन टेबलांवरून मंजूर होऊन आलेली रक्कम योग्यच आहे, असे अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाने मानले, तर त्यात त्याचा दोष किती? भारताच्या महालेखापरीक्षकांनी २०१२ ते २०१७ या काळातील या शिष्यवृत्तीचे लेखापरीक्षण केले. महाराष्ट्रासह पाच राज्यांविषयीच्या, २०१८ च्या त्या अहवालात वाटपातील विलंबाबरोबर जादा प्रदानाच्या त्रुटींवरही बोट ठेवले आहे. म्हणजे हा दोष एखाद्या विद्यार्थ्याच्या निष्काळजीपणाचा नसून यंत्रणेचा आहे.

कायद्याची बाजू

भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ७२ नुसार चुकून मिळालेले पैसे परत करणे बंधनकारक आहे. चूक देणाऱ्याची होती, एवढ्याने घेणाऱ्याची सुटका होत नाही. त्याहून कठोर बाब मुदतीची. सर्वसामान्य माणसास अशा रकमेसाठी दावा लावायचा तर साधारणतः तीन वर्षांची मुदत असते. शासनास मात्र मुदत अधिनियम, १९६३ ने तीस वर्षे दिली आहेत. विसाव्या वर्षी मिळालेल्या जादा रकमेसाठी पन्नाशीपर्यंत दावा होऊ शकतो, असा याचा अर्थ.

शासकीय कर्मचाऱ्यांच्या बाबतीत मात्र न्यायालयांनी हा कठोरपणा बराच सौम्य केला आहे. पंजाब राज्य विरुद्ध रफिक मसीह या प्रकरणात १८ डिसेंबर २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चुकून दिलेल्या जादा वेतनाची वसुली कोणत्या परिस्थितीत करता येणार नाही, हे स्पष्ट केले. तृतीय व चतुर्थ श्रेणीचे कर्मचारी, निवृत्त वा निवृत्तीस वर्षभर उरलेले कर्मचारी, आणि पाच वर्षांहून अधिक काळ चाललेले जादा प्रदान यांचा त्यात समावेश आहे. मे २०२२ मध्ये केरळातील एका निवृत्त शिक्षकाच्या प्रकरणात न्यायालयाने यामागचे तत्त्व पुन्हा सांगितले. ही सवलत हक्क म्हणून नव्हे, तर वसुलीने होणारा जाच टाळण्यासाठी दिली जाते. आणि घेणाऱ्याने लबाडी केलेली नसणे ही तिची अट आहे.

हे निकाल नोकरवर्गापुरते आहेत. पण तुटपुंज्या वेतनावर जगणाऱ्या शिपायाकडून वसुली करणे अन्यायाचे ठरत असेल, तर ज्यास वेतनच नाही अशा विद्यार्थ्याच्या बाबतीत ते न्याय्य कसे ठरेल? यावर शासनाकडे एक उत्तर तयार असते, ते हमीपत्राचे. जादा रक्कम परत करण्याची हमी आधीच लिहून दिली असेल, तर ती देणाऱ्यास बांधून घेते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये एका न्यायिक अधिकाऱ्याच्या प्रकरणात म्हटले होते. कायदा जाणणाऱ्या न्यायाधीशाचे हमीपत्र आणि सायबर कॅफेत बसून घाईने अर्ज भरताना विद्यार्थ्याने दिलेली हमी, या दोहोंना एकाच तराजूत तोलावे काय, याचा विचार व्हायला हवा.

परदेशांतील दोन धडे

हा पेच अन्य देशांतही उद्भवला. अमेरिकेत संघराज्याच्या शिक्षण साहाय्याचा नियम असा आहे की, सत्राचा ६० टक्के काळ पूर्ण होण्याआधी शिक्षण सोडल्यास उरलेल्या काळाचे साहाय्य परत करावे लागते. पण ही जबाबदारी संस्था आणि विद्यार्थी यांत विभागली जाते. अनुदानाच्या बाबतीत त्याचा निम्मा भाग विद्यार्थ्यास संरक्षित असतो आणि ५० डॉलर वा त्याहून कमी जादा रक्कम परत मागितली जात नाही. रक्कम भरण्यास किंवा हप्ते ठरवून घेण्यास ४५ दिवस मिळतात. तोवर पुढील साहाय्यावर गदा येत नाही.

ऑस्ट्रेलियाचा अनुभव याच्या अगदी उलट. तेथे 'रोबोडेट' या नावाने कुप्रसिद्ध झालेल्या योजनेत संगणकाने वर्षाचे उत्पन्न सर्व पंधरवड्यांत समान विभागले आणि त्यावरून लाखो नागरिकांवर परतफेडीची बिले काढली. सुटीत काम करून उरलेले वर्ष शिकणारे विद्यार्थी या हिशेबात सहज अडकत. रक्कम देय नसल्याचे सिद्ध करण्याचा भार नागरिकावर टाकला गेला. विद्यार्थी भत्त्याच्या अशाच एका बिलाविरुद्ध मेलबर्नच्या एका महिलेने दाद मागितली. तेव्हा नोव्हेंबर २०१९ मध्ये सरकारला तेथील संघीय न्यायालयात ते बिल बेकायदा असल्याचे मान्य करावे लागले. जुलै २०२३ मध्ये शाही आयोगानेही ही योजना न्याय्य नव्हती आणि कायदेशीरही नव्हती, असा ठपका ठेवला. वसुलीचा आकडा संगणकाने काढला म्हणून तो खरा ठरत नाही, हा त्यातला धडा.

काय करता येईल?

महाराष्ट्राने तीन गोष्टी केल्या तरी पुष्कळ साधेल. पहिली, वसुलीपूर्वी चूक कोणाची हे लेखी ठरवावे. तपासणी करणाऱ्या महाविद्यालयाची असेल, तर भार त्याने उचलावा. दुसरी, लबाडी नसलेल्या प्रकरणांत वसुलीस दोन-तीन वर्षांची कालमर्यादा घालावी. तिसरी, विद्यार्थ्यास म्हणणे मांडण्याची संधी आणि शिक्षण संपेपर्यंत सवलत किंवा हप्ते द्यावेत.

तोवर विद्यार्थ्यांनी स्वतःपुरती सावधगिरी बाळगावी. तोंडी निरोपावर पैसे भरू नयेत. कोणत्या वर्षाची, कोणत्या बाबीची आणि कोणत्या आदेशाने ही वसुली आहे, याचा तपशील लेखी मागावा. तो न मिळाल्यास माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ हाताशी आहेच. रक्कम खरोखर देय असेल तर ती शासनाच्या खात्यातच भरावी, कोणाच्या हाती रोख देऊ नये, आणि पावती जपून ठेवावी. वसुलीसाठी महाविद्यालय मूळ प्रमाणपत्रे अडवून ठेवत असेल, तर विद्यापीठ अनुदान आयोगाने ऑक्टोबर २०१८ मध्ये मूळ प्रमाणपत्रे ठेवून घेण्यास केलेली मनाई दाखवावी.

शिष्यवृत्ती वेळेवर न मिळाल्याबद्दल शासनाने विद्यार्थ्यास व्याज दिल्याचे कोणी ऐकलेले नाही. जो स्वतःच्या विलंबाची किंमत मोजत नाही, त्याने स्वतःच्या चुकीची किंमत तरी दुर्बलाकडून वसूल करू नये. एवढी अपेक्षा कल्याणकारी म्हणविणाऱ्या राज्याकडून अवाजवी ठरू नये.