आकाशातील अरुंद वाटा

आकाश अनंत आहे, असे सामान्य माणूस समजून चालतो. वैमानिकाचे आकाश मात्र अनंत नसते. निरनिराळ्या दिशांनी आणि उंचींवरून येणारी विमाने अखेर एकाच धावपट्टीच्या टोकाशी एकवटतात आणि त्याच वेळी तेथूनच दुसरी विमाने वर झेपावत असतात. किनाऱ्यावरच्या माणसाला हे वेगळे समजावून सांगावयास नको. समुद्र कितीही विस्तीर्ण असला तरी मांडवीच्या मुखाशी बार्ज, ट्रॉलर आणि होडी यांना एकमेकांस वाट देऊनच आत-बाहेर करावे लागते. गजबजलेल्या विमानतळाभोवतीचे आकाशही असेच अरुंद असते. फरक एवढाच की, होडी क्षणभर थांबू शकते. विमानाला थांबता येत नाही.

गोमंतकाने या प्रश्नाकडे त्रयस्थपणे पाहून चालणार नाही. दाबोळी हा मुळात नौदलाचा तळ. तेथील आकाशाचे नियंत्रण नौदलाकडे आणि प्रवासी विमाने त्याच धावपट्टीवर उतरणारी. जानेवारी 2023 पासून मोप्याचा विमानतळ सुरू झाला आणि एवढ्याशा राज्यात दोन विमानतळ झाले. शेजारी सिंधुदुर्गात चिपीचा विमानतळ 2021 साली उभा राहिला. जमिनीवर ही अंतरे तासांची वाटतात. विमानाच्या वेगाने ती मोजक्या मिनिटांची आहेत.

दाबोळीच्या आकाशाने आघात सोसलेला आहे. 1 ऑक्टोबर 2002 रोजी, पथकाच्या रौप्यमहोत्सवाच्या दिवशीच, नौदलाची दोन आयएल-38 विमाने तेथे हवेत एकमेकांवर आदळली आणि त्यांतील बाराही जण मृत्युमुखी पडले. ती विमाने हेतुतः जवळजवळून उडत होती. नागरी वाहतुकीचा त्या दुर्घटनेशी संबंध नव्हता, हे खरे. परंतु ज्या आकाशाखाली आपली घरेदारे आहेत, तेथे चूक झाली तर काय घडते, हे त्या दिवशी मुरगावकरांनी डोळ्यांनी पाहिले.

नागरी वाहतुकीतील सर्वांत भीषण धडा आपल्याच देशाने घेतलेला आहे. 12 नोव्हेंबर 1996 रोजी हरियाणातील चरखी दादरीजवळ दिल्लीहून निघालेले सौदी जंबो जेट आणि दिल्लीकडे येणारे कझाकस्तानचे विमान यांची टक्कर झाली आणि 349 जीव गेले. कझाक विमानाला 15 हजार फुटांवर आणि सौदी विमानाला 14 हजार फुटांवर राहण्याची आज्ञा होती. कझाक विमान आज्ञेवाचून खाली आले, हा चौकशीचा निष्कर्ष. पण एका वैमानिकाच्या चुकीने 349 माणसे मरू शकतात, याचा अर्थ ती चूक सावरणारे दुसरे काही तेथे नव्हते! येणाऱ्या आणि जाणाऱ्या विमानांना वाट एकच होती, कारण भोवतालचे बरेचसे आकाश हवाई दलासाठी राखलेले होते. आणि विमानाची उंची दाखवू शकणारे रडार दिल्लीत अद्याप कार्यान्वित झालेले नव्हते. अपघातानंतर वाटा वेगळ्या झाल्या, नवे रडार आले, टक्कर टाळणारे यंत्र विमानांत सक्तीचे झाले. वरातीमागून घोडे आले, पण आले.

हे यंत्र समोरच्या विमानाचे संकेत ऐकून एका वैमानिकास वर आणि दुसऱ्यास खाली जाण्याचा आदेश देते. म्हणून यंत्र आले की चिंता मिटली, असे मानणे घातक होय. 1 जुलै 2002 रोजी जर्मनीतील युबरलिंगेन येथे यंत्राने रशियन विमानास वर जाण्यास सांगितले, तर एकट्याने दोन ठिकाणांचा भार वाहणाऱ्या नियंत्रकाने खाली येण्यास सांगितले. वैमानिकाने माणसाचे ऐकले आणि 71 जण गेले. त्यांत बहुसंख्य मुले होती. अशा वेळी यंत्राचाच आदेश पाळावा, हा नियम त्यानंतर जगभर निःसंदिग्ध करण्यात आला. शिवाय जमिनीपासून सुमारे हजार फुटांच्या आत हे यंत्र असा आदेश देतच नाही. म्हणजे धावपट्टीच्या अगदी निकट, जेथे गर्दी सर्वाधिक, तेथे रक्षण करते ते माणसाचे शिस्तबद्ध नियोजनच.

29 जानेवारी 2025 रोजी वॉशिंग्टनमध्ये हेच सिद्ध झाले. उतरणारे प्रवासी विमान आणि लष्करी हेलिकॉप्टर पोटोमॅक नदीवर आदळून 67 जण मृत्यू पावले. हेलिकॉप्टरची ठरलेली वाट आणि विमानाचा उतार यांत काही ठिकाणी अवघ्या 75 फुटांचे अंतर उरत होते. त्याहून धक्कादायक म्हणजे ऑक्टोबर 2021 ते डिसेंबर 2024 या काळात तेथे विमाने आणि हेलिकॉप्टरे धोकादायकरीत्या जवळ आल्याचे 15,214 प्रसंग नोंदलेले होते. नोंद होती, तिच्यावरून बोध घेणारा कोणी नव्हता. नागरी आणि लष्करी विमाने एकाच आकाशात वावरतात तेथे काय होऊ शकते, याचे याहून जळजळीत उदाहरण गोव्याला कोणते हवे?

पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, ही म्हण खरी करावयाची तर काही गोष्टी आताच व्हावयास हव्यात. दाबोळी, मोपा आणि चिपी येथील आगमन-प्रस्थानाच्या वाटांचा नौदलाच्या सरावासह एकत्रित आढावा नियमाने घेतला जावा, आणि कोणत्या क्षणी विमान कोणाच्या हाती आहे याविषयी तिळमात्र संदिग्धता राहू नये. थोडक्यात टळलेल्या प्रसंगांची माहिती, संरक्षणाची गुपिते वगळून, ठरावीक काळाने जनतेसमोर ठेवली जावी. प्रामाणिकपणे चूक कळविणाऱ्या नियंत्रकास वा वैमानिकास शिक्षेचे भय नसावे; भय असले की नोंदी थांबतात आणि धोका तसाच राहतो. नियंत्रकांची संख्या उड्डाणांच्या संख्येबरोबर वाढावी.

नौदलाच्या सरावासाठी दाबोळीवर सकाळचे तास राखले जात, याबद्दल येथे वर्षानुवर्षे कुरकूर झाली. दोघांच्या वेळा वेगळ्या ठेवणे हीसुद्धा सुरक्षिततेचीच एक रीत आहे, हे त्या कुरकुरीत विसरले गेले. पर्यटकांची संख्या वाढल्याचे आकडे सरकार अभिमानाने सांगते. त्या प्रत्येक आकड्यामागे एक उड्डाण आणि एक उतरण आहे. किती आले हे सांगणाऱ्यांनी, किती प्रसंग टळले हेही सांगण्याचे धैर्य दाखवावे. देशाचे रक्षण आणि प्रवाशाचे रक्षण ही परस्परविरोधी कर्तव्ये नव्हेत. ती एकाच आकाशात पार पाडावयाची आहेत, आणि तेथे दुरुस्तीला दुसरी संधी मिळत नाही.