मराठीचा ‘ल’ मोबाइलवर हिंदीसारखा का दिसतो?

शाळेच्या पाटीवर गिरवलेला ‘ल’ दोन पाकळ्यांचा. मोबाइलवर मात्र तोच ‘ल’ बहुतेक वेळा उजवीकडे उभा दांडा घेऊन येतो. ‘श’चंही तसंच. हा फरक येतो कुठून?

राज्य सरकारने नोव्हेंबर २०२२ च्या शासन निर्णयात मराठीसाठी पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ वापरायला सांगितलं. पण शासन निर्णय स्क्रीनपर्यंत पोहोचत नाही. युनिकोडमध्ये ‘ल’ला एकच क्रमांक आहे, मग भाषा हिंदी असो, मराठी की नेपाळी. अक्षर कोणतं ते क्रमांक सांगतो. ते दिसावं कसं, हे फॉन्ट ठरवतो. बऱ्याच फॉन्टमध्ये नेहमीचं वळण हिंदीचं असतं. काहींत मराठी वळणही असतं, पण झाकलेलं. मजकूर मराठी आहे अशी खूण वेबपानाच्या कोडमध्ये असेल, तर ते बाहेर येतं.

ही खूण म्हणजे दोन अक्षरं. खर्च जवळपास शून्य. तरी ती राहून जाते, किंवा तिथे चक्क इंग्रजीची खूण असते, कारण साचा इंग्रजी साइटचा उचललेला असतो.

‘वाचता येतंय ना, मग बिघडलं काय?’ मोठ्यांचं फारसं बिघडत नाही, खरंय. पण पहिलीतलं मूल एक वळण गिरवतं आणि स्क्रीनवर दुसरंच पाहतं. सरकार वेबसाइट कंत्राटावर बनवून घेतं. त्या कंत्राटाच्या अटींत ही खूण आणि मराठी वळणाचा फॉन्ट घातला, तर निदान सरकारी पानांवर तरी सरकारी नियम पाळला जाईल.