अंगात येणं, हाजरी येणं आणि डॉक्टरचं दार

पंचवटीत आमच्या वाड्यात समोरच्या काकूंच्या अंगात यायचं. माझ्या फुफूला हाजरी यायची. काकूंना देवऋष्याकडे नेत, फुफूला दर्ग्यावर. शुद्धीवर आल्यावर दोघी एकच विचारायच्या, "मी काय बोलले?" सगळे विषय बदलायचे. त्यांना नेमकं काय झालं होतं हे आजही सांगता येणार नाही, कारण डॉक्टरकडे कुणी नेलंच नाही.

'युनायटेड स्टेट्स ऑफ तारा' ही 2009 ते 2011 या काळातली अमेरिकी मालिका पाहताना त्या दोघी आठवल्या. टोनी कोलेटने साकारलेल्या ताराला बहुव्यक्तिमत्त्वाचा आजार आहे. ताण वाढला की तिच्यातून कधी अल्लड मुलगी, कधी जुन्या वळणाची गृहिणी, तर कधी व्हिएतनाम युद्धातला सैनिक बोलू लागतो. नवरा आणि दोन मुलं चिडतात, लाजतात, पण तिला भूत समजत नाहीत. आपल्याकडे 2007च्या 'भूल भुलैया'त अवनीचा आजार डॉक्टर ओळखतो. तरी लोकांच्या लक्षात राहिली ती मंजुलिकाच. 2022च्या पुढच्या भागात तर ती खरोखरचं भूत झाली!

अंगात येणं म्हणजे प्रत्येक वेळी आजार नव्हे. अमेरिकी मानसोपचार संघटनेने 2013मध्ये 'अंगात आल्या'सारखा अनुभव या आजाराच्या निकषांत घेतला, पण समाजमान्य धार्मिक प्रथेचा भाग असलेलं अंगात येणं वगळलं. माणसाला त्रास होतो का, त्याचं रोजचं जगणं अडतं का, हे पाहायचं असतं. या आजारामागे बहुतेकदा लहानपणी सोसलेला अत्याचार असतो. तो मारझोडीने बरा कसा होईल?

दुर्लक्षाची किंमत आपण पाहिली आहे. तमिळनाडूत एरवाडीच्या दर्ग्याजवळच्या आश्रमात 6 ऑगस्ट 2001 रोजी आग लागली आणि साखळीने बांधलेले 28 मनोरुग्ण जळून मेले. 2017च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला साखळीने बांधायला मनाई केली आहे.

दुआ जरूर मागा, नवसही बोला. पण उपचार थांबवू नका. प्रत्येक दर्ग्याच्या आणि मंदिराच्या दारात टेली-मानसचा 14416 हा मोफत क्रमांक ठळक लिहायला काय हरकत आहे? विश्वस्तांनी मनावर घेतलं तर एका दिवसाचं काम आहे. आणि घरात कुणी "मी काय बोलले?" असं विचारलं, तर विषय बदलू नका. शेजारी बसून, न घाबरवता, खरं ते सांगा. माझ्या फुफूला ते कुणीच सांगितलं नाही, मीसुद्धा नाही.