काळा पडदा आणि वाचनाचा कंटाळा

संगणकाची प्रणाली अद्ययावत केल्यावर यंत्र सुरूच झाले नाही, की आपल्याकडे एकच मंत्र उच्चारला जातो : ‘फॉरमॅट मारा.’ या मंत्राला आमचा आक्षेप आहे, आणि तो वाचनाचा पेशा पत्करलेल्या माणसांचा आक्षेप आहे. बिघडलेल्या यंत्राने आपल्या बिघाडाची हकीकत बहुधा लिहून ठेवलेली असते. ती न वाचताच पाटी पुसून टाकणे आम्हांस मान्य नाही.

हा प्रश्न आता मराठी विभागांच्याही दारात आला आहे. विंडोज १०चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११साठी अनेक जुनी यंत्रे पात्र ठरत नाहीत. उबुंटूसारख्या मुक्त प्रणालीकडे वळणाऱ्यांत म्हणूनच भाषाशिक्षकही आहेत. तेव्हा उदाहरण उबुंटू २२.०४ वरून २४.०४ वर जाण्याचेच घेऊ.

समजा, यंत्र पुन्हा सुरू केले आणि समोर नुसता काळा पडदा आला. पाहणारा तात्काळ म्हणतो, ‘ग्राफिक्स कार्ड गेले.’ यंत्र सुरू होताना एस्केप, किंवा काही यंत्रांवर शिफ्ट, ही कळ दाबली तर ग्रबची यादी दिसते. तिच्यातल्या प्रगत पर्यायांत आधीचा कर्नल बहुधा जपून ठेवलेला असतो. त्या जुन्या कर्नलवर यंत्र नीट उठले, तर कार्ड शाबूत आहे हे तिथेच कळले. आता नोंदी वाचायच्या. अद्ययावतीकरणाच्या नोंदी उबुंटू ‘व्हार’मधल्या ‘लॉग’ फोल्डरात, ‘डिस्ट-अपग्रेड’ नावाच्या कप्प्यात ठेवते. तिथे अखेरीस ओळींमागून ओळी दिसतात : अमुक पॅकेज तमुकावर अवलंबून, तमुकाची मांडणी अपुरी. वाचणारा इथेच हताश होतो. पण हे सारे परिणाम आहेत. कारण वर असते. उलट्या क्रमाने सरकत पहिल्या चुकीपाशी गेले, की एखादे साधे वाक्य हाती लागते : डिस्कवर जागा शिल्लक नाही. बूटसाठी राखलेला छोटा विभाग जुन्या कर्नलांनी भरून गेला होता. म्हणून नव्या कर्नलला आरंभी लागणारी प्रतिमा तयार झाली नाही, पॅकेजे अर्धवट राहिली आणि ग्राफिक्सचे मॉड्यूलही नव्या कर्नलसाठी बांधले गेले नाही. तक्रारी तीन, मूळ एक. नको असलेले कर्नल काढावेत, मग डीपीकेजीला अर्धवट मांडणी पुरी करावयास सांगावे; पुष्कळदा एवढ्यावर भागते.

एकनाथांनी शके १५०६मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, हे आपण दरवर्षी वर्गात सांगतो. पाठ कुठे बिघडला हे शोधण्याची रीत आपल्याला नवी नाही. महानुभावांच्या सकळ लिपीपुढे न डगमगणारे आमचे सहकारी इंग्रजीतल्या दहा ओळींपुढे मात्र शरण जातात, याचे आम्हांस नवल वाटते.

कंटाळ्याची किंमत मोठी असते. आमच्या परिचयाच्या एका विभागात दुरुस्तीस आलेल्या गृहस्थांनी काही न विचारता डिस्क पुसली, आणि विद्यार्थिनींनी गावोगावी ऐकून उतरवलेल्या जात्यावरच्या ओव्या तिच्याबरोबर गेल्या. गाणाऱ्यांपैकी काही जणी आज हयात नाहीत. पेनड्राइव्हवरून उबुंटू तात्पुरती चालवून त्या फायली आधी बाहेर काढता आल्या असत्या. तिला डिस्कवर काही बसवावे लागत नाही.

वाचूनही न सुटणारी अडचण असते, हे खरे. एनव्हिडियाने जुन्या कार्डांसाठीच्या ३९० मालिकेच्या ड्रायव्हरची देखभाल २०२२च्या अखेरीस थांबवली. नव्या कर्नलवर तो बसेना, तर दोष वाचकाचा नव्हे. अशा वेळी ग्रबमध्ये त्या ओळीवर ‘ई’ दाबून ‘नोमोडसेट’ हा शब्द जोडावा. पडदा ओबडधोबड का होईना, उजळण्याची शक्यता असते. मग कंपनीचा ड्रायव्हर काढून नूव्हो हा मुक्त ड्रायव्हर वापरावा. त्यावर त्रिमितीय खेळ रखडतील. प्रबंध टंकित करावयास तो पुरेसा आहे.