ऑशकॉशचे हौशी आणि बाजार

अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातील ऑशकॉश हे शहर एरवी कोणाच्या खिजगणतीत नसते. जुलैअखेरच्या आठवड्यात मात्र ते विमानवेड्यांची पंढरी होते. २०२५ मध्ये येथील 'एअरव्हेंचर' मेळाव्यास सुमारे ७ लाख ४ हजार लोक आले. परिसरातील विमानतळांवर दहा हजारांहून अधिक विमाने उतरली. त्यांत घरी बांधलेली विमाने साधारण हजाराच्या आसपास असतात. म्हणजे ज्यांच्यासाठी हा मेळावा सुरू झाला, तेच आज त्यात अल्पसंख्य आहेत.

पॉल पोबरेझनी यांनी १९५३ मध्ये मिल्वॉकी येथे एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशनची स्थापना केली. त्या वर्षीच्या पहिल्या मेळाव्याला मूठभर विमाने आणि दीडशेहून कमी पाहुणे होते. पुढे १९५९ मध्ये रॉकफर्ड आणि १९७० पासून ऑशकॉश असा प्रवास झाला. १९९८ मध्ये 'एअरव्हेंचर' हे नाव मिळाले. हे नामांतर पुरेसे बोलके आहे. मेळाव्याला सभासद येतात, 'एअरव्हेंचर'ला प्रेक्षक!

या बदलाचा कडेलोट २०१२ मध्ये झाला. धावपट्टीलगतची मोक्याची जागा कंपन्यांच्या पाहुण्यांसाठी उभारलेल्या आलिशान तंबूंना देण्यात आली आणि वर्षानुवर्षे गवतावर खुर्ची टाकून बसणाऱ्या सभासदांच्या दृष्टीआड आकाश गेले. नाराजी इतकी तीव्र होती की, पुढच्या वर्षी हे तंबू हटवावे लागले. दरम्यान, ऑक्टोबर २०१२ मध्ये संघटनेचे तत्कालीन अध्यक्ष पायउतार झाले होते. कारण अर्थातच कौटुंबिक सांगण्यात आले.

तरीही पैशाच्या नावाने बोटे मोडणे सोपे असते. २०१३ मध्ये सरकारी खर्चकपातीमुळे हवाई नियंत्रकांच्या प्रवासाचा व भत्त्यांचा भार आयोजकांवर टाकण्यात आला. ही रक्कम साडेचार लाख डॉलरच्या घरात होती. मूठभर हौशी मंडळींच्या वर्गणीतून ती कशी उभी राहिली असती?

खरा बाजार मात्र तंबूंतून आला नाही. तो त्याआधीच थेट गॅरेजमध्ये शिरला होता. १९७० च्या दशकात बर्ट रुटान यांच्या 'व्हेरिइझी' विमानाचे आराखडे विकत घेऊन लोक फोम आणि काचतंतूंतून विमान घडवत. कायदेशीर दायित्वाच्या धास्तीने रुटान यांनी १९८५ मध्ये आराखड्यांची विक्री थांबवली. तोवर तयार सुट्या भागांच्या 'किट'चा जमाना आला होता. अमेरिकी कायद्यानुसार विमानाचा मोठा भाग हौशी माणसाने स्वतःच्या शिक्षणासाठी वा विरंगुळ्यासाठी बांधलेला असावा लागतो. याला सर्रास '५१ टक्क्यांचा नियम' म्हणतात. हौस आणि धंदा यांच्यातील सीमारेषा कायद्याने टक्केवारीत आखावी, हे गमतीचेच! पैसे मोजून दुसऱ्यांकडून विमान बांधवून घेण्याचे प्रकार इतके वाढले की, २००८ मध्ये तेथील विमान वाहतूक प्रशासनाला नव्या किटची तपासणी थांबवून मार्गदर्शक तत्त्वे नव्याने लिहावी लागली.

किटने या छंदाला सुरक्षितता दिली, हे नाकारता येणार नाही. एकट्या व्हॅन्स एअरक्राफ्टच्या किटमधून ११ हजारांहून अधिक विमाने उडाली आहेत. पण डिसेंबर २०२३ मध्ये हीच कंपनी दिवाळखोरी संरक्षणाच्या आश्रयाला गेली, तेव्हा असंख्य गॅरेजमधली अर्धवट विमाने अधांतरी राहिली. आगाऊ रक्कम भरलेल्यांपुढे वाढीव दर मान्य करा किंवा धनकोंच्या रांगेत उभे राहा, एवढेच पर्याय उरले. २०२४ मध्ये कंपनी सावरली. परंतु कारागीर आता ग्राहक झाला आहे, हे त्या काही महिन्यांनी स्पष्ट केले.

जुलै २०२५ मध्ये ऑशकॉशच्याच व्यासपीठावरून अमेरिकी सरकारने हलक्या विमानांबाबतचे नवे नियम जाहीर केले. त्यांमुळे कारखान्यात तयार झालेली अधिक मोठी व वेगवान विमाने सुटसुटीत प्रमाणपत्र प्रक्रियेखाली विकता येतील. आजवर अनेक जण स्वस्तात विमान मिळावे म्हणून पाना हाती धरत होते. त्यांना आता दुकानाची वाट मोकळी होईल. मग गॅरेजमध्ये उरतील ते फक्त रिव्हेट ठोकण्यातच रमणारे. ऑशकॉशमध्ये त्यांना जागा कोठे मिळते, हे येत्या काही जुलैंत दिसेल.