अळवावरचं पाणी आणि सुरतेचा रेनकोट

सुरत म्हटलं की आपल्याकडच्या शाळकरी पोरांना १६६४ आणि १६७० ही सालं आठवतात आणि घरातल्या बायकांना साड्या. लग्नाचा बस्ता बेळगावात बांधा नाहीतर निपाणीत, दुकानदार एकदा तरी म्हणतोच, ‘‘हे खास सुरतचं बघा.’’ पण त्याच सुरतेत मराठी माणसंही मोठ्या संख्येने राहतात, हे आपल्या सहसा ध्यानात येत नाही. जळगाव, धुळे, नंदुरबारकडून मागावर काम करायला गेलेली कुटुंबं उधना, लिंबायत या भागांत कधीची रुजली आहेत. खानदेशातून वाहणारी तापीच पुढे सुरतेवरून समुद्राला मिळते. म्हणजे नदी गावाकडचीच, फक्त तिथे तिला भरती-ओहोटी आणि खारं पाणी भेटतं.

आमच्या कॉलेजची एक माजी विद्यार्थिनी लग्न होऊन अशाच एका घरात गेली आहे. मध्यंतरी तिचा फोन आला. ‘‘बाई, एक घरगुती शंका आहे. आमच्या ह्यांना गळ टाकायचा नाद. सुट्टी मिळाली की तापीकाठी, नाहीतर डुमसकडे खाडीवर. पावसाळ्यात तर विचारूच नका. येतात ते चिखल आणि माशांचा वास घेऊन. दोन वर्षांपूर्वी चांगला महागातला रेनकोट घेतला. मी दर वेळी गरम पाण्यात पावडर टाकून भिजवते, ब्रशने घासते, तरी आता खांद्यातून पाणी येतं. गेल्या पावसाळ्यात दोनदा तापाने पडले. कोट टाकून द्यावा का?’’

मराठी शिकवणाऱ्या बाईला रेनकोटातलं काय कळणार? पण प्रश्न मनात राहिला. आमच्या रसायनशास्त्राच्या सरांना विचारलं, बाजारात ताडपत्री शिवणाऱ्या एका काकांना विचारलं, थोडं वाचलं. जे हाती आलं ते इथे मांडते, कारण हा प्रश्न एकट्या सुरतेचा नाही. आपल्याकडे खानापूर, चंदगड भागात पहिल्या पावसात चढणीच्या माशांमागे रात्रभर ओढ्यात उभे राहणारे काही थोडे नाहीत. मासे धरायच्या हत्याराला आपण मराठीत गळ म्हणतो, शेजारी कानडीत गाळ म्हणतात. नाद मात्र दोन्ही घरांत एकच!

सरांनी सांगितलेली पहिली गोष्ट अशी, की रेनकोटाला दोन राखणदार असतात. एक आतला, म्हणजे कापडाच्या आतल्या बाजूला दिलेला रबराचा किंवा प्लॅस्टिकसारखा लेप. तो पाणी अडवतो. दुसरा बाहेरचा, म्हणजे वरच्या कापडाला लावलेलं पाणी झटकणारं रसायन. ते पाण्याला टिकूच देत नाही. अळवाच्या पानावर थेंब कसा मोत्यासारखा गोल होऊन घरंगळतो, तसं. कानडी घरांत केसुविन एले म्हणतात ते हेच पान. आतला राखणदार शाबूत असला आणि बाहेरचा थकला, तर वरचं कापड भिजून जड होतं. हवा खेळू देणारा कोट असेल तर अंगाची वाफही मग बाहेर पडत नाही. ती आतच गार होऊन पाणी होते आणि माणसाला वाटतं कोट गळतोय. प्रत्यक्षात तो घाम असतो.

तेव्हा कोट टाकण्याआधी साधी परीक्षा करा. कोरड्या, स्वच्छ कोटावर चमचाभर पाणी शिंपडा. थेंब अळवावरच्यासारखे गोल राहिले तर बाहेरचा राखणदार जागा आहे. पाणी पसरून डाग काळपट पडला तर तो झोपला आहे. मग कोट उलटा करून खांदा, टोपीची जोड, काख आणि बैठक इथे झोळीसारखं थोडं पाणी धरा. बाहेरच्या बाजूने थेंब दिसला तर गळती खरी. ती बहुधा शिवणीतून असते, कारण सुई जिथे गेली तिथे भोक पडलेलंच असतं. चांगल्या कोटात त्यावर आतून पट्टी चिकटवलेली असते. ती सुटली की पाणी आत.

आता धुण्याकडे वळू. मासेमारीच्या कोटावर तीन गोष्टी बसतात: मीठ, माशाचा बुळबुळीत चिकटा आणि माशाचं तेल. चिकटा हा प्रथिनाचा असतो. गरम पाणी लागलं की अंड्याच्या पांढऱ्यासारखा तो घट्ट होऊन बसतो आणि वास कायमचा मुरतो. म्हणून घरी आल्या आल्या आधी थंड, गोड्या पाण्याने कोट खळखळून काढायचा. चेन आणि बटणांत मीठ राहिलं तर ती गंजतात, म्हणून तिथे जास्त पाणी सोडायचं. त्यानंतर कोमट पाण्यात थोडा सौम्य द्रवसाबण घालून मऊ फडक्याने किंवा स्पंजाने पुसायचं. ब्रशने घासलं की लेपाला ओरखडे पडतात.

कपड्यांची पावडर हा तर मोठाच घोटाळा. पावडरीचं कामच मुळी पाण्याला कापडात शिरायला मदत करणं. ती नीट निघाली नाही तर कापडावर तिचा थर राहतो आणि जो कोट पाणी झटकायला हवा तोच पाणी ओढून घेऊ लागतो. कपडे मऊ करणाऱ्या द्रवाचंही तेच. ब्लीच तर नकोच. साबण कोणताही असो, तीनदा तरी स्वच्छ पाण्यात खळबळायचं, पिळायचं नाही, सावलीत हँगरला टांगायचं. आतली बाजू वाळली की उलटून बाहेरची. पुष्कळ लोक रेनकोट धुतल्याने खराब होतो म्हणून धुतच नाहीत. तेही बरोबर नाही. घामाचं आणि माशाचं तेल बसून राहिलं तर त्यानेही लेप आणि पट्ट्या सुटतात.

पुढची डागडुजी कोट कशाचा आहे त्यावर ठरते.

जाड, गुळगुळीत पीव्हीसीच्या कोटाला झटकणाऱ्या रसायनाची गरजच नसते. त्याचे शत्रू ऊन आणि घडी. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात जे तेलकट द्रव्य घातलेलं असतं ते उन्हात आणि उष्णतेत निघून जातं, मग कोट ताठ होऊन घडीवर चिरतो. चीर पडली तर सायकलवाल्याचं पंक्चरचं सोल्युशन इथे नीट धरत नाही. ते रबरासाठी असतं. पीव्हीसीला पीव्हीसीचाच गोंद आणि त्याच जातीचं ठिगळ लागतं. खऱ्या रबराच्या कोटाला आणि गमबुटांना मात्र सायकलवाल्याची युक्ती चालते. रबराला तेलाची आणि रॉकेलची ॲलर्जी, तेव्हा डाग काढायला रॉकेल वापरू नका. वर्षासन संपलं की टाल्कम पावडर भुरभुरून ठेवा.

पातळ नायलॉन किंवा पॉलिएस्टरच्या कोटाला आतून पॉलियुरेथेनचा लेप असतो. हा लेप दमट उष्णतेत हळूहळू कुजतो, चिकट होतो, पापुद्रे सुटतात. ओला कोट पिशवीत कोंबून माळ्यावर टाकला की पुढच्या जूनमध्ये हीच अवस्था. सुरतेची हवा असो की कोकणातली, इलाज एकच: पूर्ण वाळवून, सैल टांगून ठेवणं. पापुद्रे सुटले असतील तर तो कोट पावसात उभं राहण्याच्या कामाचा राहिला नाही असं समजा. लेप चांगला असून शिवणच गळत असेल तर शिवणीवर लावायचा द्रव मिळतो. स्वच्छ, कोरड्या शिवणीवर आतून लावून रात्रभर सुकू द्यायचा.

थेंब गोल राहत नसतील तर आधी नुसता नीट धुऊन बघा. निम्म्या वेळा मळ गेल्यावरच थेंब पुन्हा घरंगळू लागतात. लेबलावर परवानगी असेल तर वरून सुती फडकं टाकून अगदी मंद इस्त्री फिरवा. उबेने थकलेलं रसायन पुन्हा जागेवर येतं. एवढ्यानेही झालं नाही तरच फवारा घ्यायचा, तोही धुतलेल्या कोटावर. मळावर मारलेला फवारा मळालाच चिकटतो. फवारा घेताना तो फ्लोरिनविरहित आहे का बघा. जुनी फ्लोरिनची रसायनं निसर्गात वर्षानुवर्षं मोडत नाहीत, आणि २०२५ पासून कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्क या राज्यांनी बहुतेक नव्या कपड्यांत त्यांना बंदी केली आहे. मात्र नव्या फवाऱ्यांना पाणी झटकता येतं, तेल नाही. म्हणजे मासे धरणाऱ्याने कोट आणखी वेळेवर धुवायला हवा.

हे सगळं ऐकताना मला घोंगडं आठवत राहिलं. धनगराचं घोंगडं, कुरुबरांची कंबळी. लोकरीतल्या मूळच्या स्निग्धपणामुळे पाणी वरच्या वर ओघळायचं. म्हणून तर आपल्या आज्या घोंगड्याला कधी साबण लावत नसत, नुसतं झटकून उन्हाला टाकत. भातलावणीला डोक्यावर इरलं असायचं. आणि ‘मेणकापड’ हा शब्द तर अजून तोंडात आहे. कापडाला मेण किंवा तेल पाजून पाणी अडवायचं, हीच त्याची कृती. कानडीतही मेण म्हणजे मेणच! नॉर्वेच्या हेली हॅन्सेन या दर्यावर्द्याने १८७७ मध्ये जवसाच्या तेलात भिजवलेल्या कापडाचे कोट काढले. त्याआधी १८२३ मध्ये स्कॉटलंडच्या मॅकिंटॉशने दोन कापडांमध्ये रबर घातलं होतं. आपल्या देशात १९२० पासून कलकत्त्याच्या सुरेंद्रमोहन बोसांचं डकबॅक घराघरांत पोचलं.

सुती पिशवी किंवा टोपी असेल तर घरचा उपाय आजही चालतो. ती आधी साबणाच्या दाट पाण्यात भिजवायची, निथळून मग तुरटीच्या पाण्यात. कानडी घरांनी पटिका म्हणून मागावी. दोन्ही मिळून धाग्यावर न विरघळणारा थर बसतो. जवसाच्या तेलाचा प्रयोग कुणी केलाच, तर तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापून पेटू शकतात.

आता तापाविषयी. दक्षिण गुजरातेत, सुरत-नवसारी-वलसाड भागात, पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिस हा ताप दर वर्षी डोकं वर काढतो. उंदरांच्या आणि जनावरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून, पायाच्या भेगांतून आणि जखमांतून त्याचे जंतू अंगात शिरतात. नुसतं पावसात भिजून तो होत नाही. म्हणून खांद्याच्या गळतीइतकंच फुटक्या गमबुटाकडेही बघायला हवं. जखमेवर जलरोधक पट्टी हवी, आणि पाण्यात उभं राहून आलेल्याला ताप आला तर डॉक्टरांना ‘‘पाण्यात होतो’’ हे आधी सांगायला हवं. होडीत बसणाऱ्याने लाइफ जॅकेट रेनकोटाच्या वरून घालावं, आतून नव्हे.

शेवटी मला खटकलेली गोष्ट. यातलं पुष्कळसं त्या कोटाच्या कॉलरीत शिवलेल्या लेबलावर लिहिलेलं होतं, पण इंग्रजीत. सुरतेच्या त्या घरात अहिराणी बोलतात, मराठी वाचतात, बाजारात गुजराती चालवतात. विणणारा, घालणारा आणि धुणारी, तिघांनाही त्या लेबलाचा उपयोग नाही. हजिऱ्याच्या कारखान्यांत पॉलिएस्टरचा आणि पीव्हीसीचा कच्चा माल तयार होतो, सुरतेच्या मागांवर कृत्रिम धाग्याचं कापड निघतं, आणि ते जपायचं कसं हे मात्र तिसऱ्याच भाषेत! आपल्या सीमाभागात दुकानाच्या पाटीवरून वाद होतात, पण औषधाच्या बाटलीवर आणि कपड्याच्या लेबलावर काय लिहिलंय याची चौकशी कुणी करत नाही.

तोवर निदान चित्रं तरी ओळखू या. पाण्याची बादली म्हणजे धुणं, तिच्यातला आकडा म्हणजे पाणी जास्तीत जास्त किती गरम. त्रिकोणावर फुली म्हणजे ब्लीच नको. इस्त्रीत एक ठिपका म्हणजे अगदी मंद, ११० अंशांपर्यंत. इस्त्रीवर फुली म्हणजे इस्त्रीच नको. चौकोनातलं वर्तुळ म्हणजे वाळवण्याचं यंत्र. आज संध्याकाळी घरातल्या रेनकोटाची कॉलर उलटून बघा आणि धुणं जो कुणी करतो त्याला ही चित्रं समजावून सांगा, मराठीत किंवा कानडीत, ज्या भाषेत तुमच्या न्हाणीघरात बोललं जातं तिच्यात.